उपवासाची वजाबाकी

नांदवळ शहरात कुणाच्या घरी काय शिजतं हे कळायला पूर्वी एक शेजारीण पुरायची. आता त्यासाठी गटारात पट्ट्या बसवाव्या लागतात आणि त्या वाचायला पगारी माणूस नेमावा लागतो. विकास विकास म्हणतात तो हाच.

तो पगारी माणूस म्हणजे प्रणव हुंडेकरी. वय चव्वेचाळीस, हुद्दा सांख्यिकी अधिकारी, नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर पंख्याखालची खुर्ची. गावात त्याला गटारज्योतिषी म्हणायचे. पहिल्या वर्षी त्याला याचा राग यायचा, मग हसू यायला लागलं, आणि आता सहाव्या वर्षी यातलं काहीच यायचं नाही. रोज सकाळी दहा वाजता तो संगणक उघडून शहराचं पोट बघायचा, बारा वाजता अहवाल पाठवायचा आणि उरलेला दिवस लोकांचे फोन घ्यायचा.

कल्पना तशी साधी होती. डाळ, अंडं, मटण असं काही खाल्लं की शरीर त्यातली प्रथिनं वापरतं आणि उरलेला नत्र युरियाच्या रूपाने लघवीवाटे बाहेर टाकतं. पोट बराच वेळ रिकामं राहिलं की शरीर स्वतःचीच चरबी जाळायला घेतं, आणि मग लघवीत कीटोन नावाची द्रव्यं दिसू लागतात. दूध, तूर, शेंगदाणा, प्रत्येकाची आपापली खूण असते. हे सगळं घराघरातून गटारात येतं. साधारण चाळीस घरांचं सांडपाणी जिथे एकत्र होतं त्या चेंबरच्या झाकणाखाली तळहाताएवढी पट्टी लटकवली, की ती दर तासाला सांगते, या चाळीस घरांनी मिळून काय खाल्लं, किती खाल्लं आणि किती जण उपाशी राहिले. नेमकं कुठलं घर, ते कळत नाही. पण बाईच्या आणि पुरुषाच्या शरीरातली द्रव्यं वेगळी असतात, त्यामुळे मागितलाच तर तेवढा भेद पट्टी करून देते. कुणी सहसा मागत नसे.

आकड्यांचे तक्ते कुणी वाचत नाही म्हणून त्यांचा नकाशा केला. गल्ली पोटभर जेवत असेल तर हिरवी, जेमतेम असेल तर पिवळी, त्याखाली शेंदरी आणि सगळ्यात खाली लाल. सरकारी कागदांत त्याचं नाव पोषण नकाशा होतं, लोक पोटनकाशा म्हणायचे. मंडईच्या चौकात दोन मजली पडद्यावर तो चोवीस तास चालू असायचा. हेतू चांगला होता. भूक कुठे आहे ते सगळ्यांना दिसावं, मदत तिथे जावी. पण आकडा समजायला माणसाला वेळ लागतो आणि रंग लगेच समजतो, अन् लगेच समजलेल्या गोष्टीचं माणूस काय करील याचा नेम नसतो. वर्षभरात घरमालक भाडेकरूला आधीची गल्ली कुठली ते विचारायला लागले. सोयरीक जुळवताना पत्रिकेच्या आधी मुलीकडच्या गल्लीचा रंग बघायला लागले. लाल गल्लीतली मुलगी नको; माहेरचं ओझं गळ्यात पडतं म्हणे.

म्हणून प्रणवला फोन यायचे. साहेब, आमची गल्ली तेवढी हिरवी करा, घरात लग्न आहे. आणि सरकारने भोजन केंद्रं वाटायला काढली की त्याच आवाजात, साहेब, आमची गल्ली तेवढी लाल करा. प्रणवने सहा वर्षांत एकाही गल्लीचा रंग बदलला नव्हता. त्याला स्वतःबद्दल अभिमान वाटावा असं एवढंच उरलं होतं.

फक्त एक दुरुस्ती त्याने केली होती, आणि ती सगळ्या शहरासाठी. पहिल्याच वर्षी श्रावणातल्या सोमवारी अख्खं नांदवळ लाल झालं. राजधानीत धावपळ उडाली, संध्याकाळी धान्याचे सहा ट्रक येऊन उभे राहिले, आणि दारादारात साबुदाण्याचे वडे खात बसलेले लोक त्या ट्रककडे बघत होते. त्या दिवशी प्रणवला एवढ्या साहेबांनी एवढं सुनावलं की त्याने आठ दिवस बसून उपवासांची वजाबाकी लिहिली. एकादश्या, चतुर्थ्या, रमजानचे रोजे, पर्युषण, मार्गशीर्षातले गुरुवार, सगळं त्याने यंत्राला शिकवलं. शिवाय एक हुशारीचा नियम घातला. एखाद्या चेंबरवर ठरावीक वारी सलग सहा आठवडे आकडा खाली आला, तर तो तिथला नेमाचा उपवास समजावा, तो दिवस हिशेबातून वगळावा आणि त्या जागी बाकीच्या दिवसांची सरासरी धरावी. पुढच्या श्रावणात नांदवळ हिरवंगार राहिलं. प्रणवच्या या नियमाची चार जिल्ह्यांनी नक्कल केली.

मंगळवारी दुपारी त्याची अक्का ऑफिसात आली. सारिका त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले, तेव्हापासून प्रणवला तिने आणि आईने वाढवलेलं. विणकर पेठेच्या चौथ्या गल्लीत तिचं घर. दाजी मागावर कामाला होते. माग माणसाशिवाय चालायला लागल्यापासून त्याच शेडच्या दाराशी राखणीला बसायचे. टॉवेलचे दोरे कापायचं काम घरोघरी बायका करायच्या, तेही दोन वर्षांपूर्वी यंत्राने घेतलं.

अक्काने पिशवीतून चारपदरी घडी घातलेला कागद काढला.

"गल्लीतल्या चाळीस घरांच्या सह्या हायत. शुक्रवारी तुमची ती भोजन केंद्रं ठरणार म्हणं. आमच्या गल्लीला एक दे."

प्रणवने कागद न वाचताच बाजूला ठेवला. त्याला कंटाळा आला होता, आणि अक्काचाही कंटाळा यावा याची लाज वाटत होती.

"अक्का, मी देत नाही. नकाशा देतो. सगळ्यात खालच्या बारा गल्ल्या निघतात, त्यांना मिळतं."

"मग बघ की तुझा नकाशा."

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. विणकर पेठ, चेंबर एकशे सात. हिरवं. अगदी गडद नाही, पण हिरवंच.

"बघ. तुमच्यापेक्षा वाईट सव्वाशे गल्ल्या आहेत. आता बहिणीची गल्ली म्हणून मी लाल केली तर उद्या लोक माझ्या तोंडाला काळं फासतील, आणि बरोबर करतील."

अक्का त्या हिरव्या चौकोनाकडे जरा वेळ बघत राहिली.

"चुकतबी असंल की यंत्र."

"माणूस चुकतो, अक्का. हे चुकत नाही."

"बरं," ती म्हणाली. "मला काय, मी आपली बायकांनी पुढं केली म्हणून आले." कागद तिने परत घेतला, घडीवर घडी घातली. "रविवारी मुक्ताला बघायला येणार हायत परत. देण्याघेण्याचं बोलणं झालंय, साखरपुड्याची तारीख काढायची. मामा म्हणून तू पायजेस."

चहा तिने घेतला नाही. उपवास आहे म्हणाली. मंगळवारचा कसला उपवास हे विचारायचं प्रणवला सुचलं नाही. बायकांचे असतात काहीतरी.

बुधवारी दस्तगीर आला. दस्तगीर शेख पट्ट्या बदलायचा. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, चेंबरची झाकणं उचलून उचलून कंबर गेलेली. नांदवळच्या गटारांविषयी त्याला जे माहीत होतं ते संगणकात नव्हतं. तो यायचा, जुन्या पट्ट्यांचा डबा टेबलाखाली ठेवायचा, पाणी प्यायचा आणि जायचा. त्या दिवशी तो गेला नाही.

"साहेब, एक विचारू का? रागावू नका."

"विचारा दस्तगीरभाई."

"विणकर पेठेत, चौथ्या गल्लीत, एवढी भक्ती कधीपासनं वाढली?"

"म्हणजे?"

"सोमवार झाला, गुरुवार झाला, शनिवार झाला. आता मंगळवारपण. आठवड्याला चार उपवास. तुमच्या यादीत छापून येतं ते, चेंबरच्या नंबरापुढं. मी म्हटलं, एवढे उपवास तर देवळातला पुजारी करत न्हाई."

प्रणव हसला. मग त्याने हसणं थांबवलं आणि यादी उघडली. दोन वर्षांपूर्वी चेंबर एकशे सातवर एकही नेमाचा उपवास नव्हता. मग गुरुवार आला. सहा आठवडे आकडा खाली येत राहिला, यंत्राने सांगितल्याप्रमाणे उपवास समजून तो दिवस वगळला. मग सोमवार. मग शनिवार. आणि गेल्या महिन्यात मंगळवार. प्रत्येक वेळी यंत्राने प्रणवचा नियम इमानेइतबारे पाळला होता. आता आठवड्यातले तीनच दिवस हिशेबात उरले होते, आणि त्या तीन दिवसांत गल्ली बऱ्यापैकी जेवत होती.

"आणखी एक," दस्तगीर म्हणाला. "आमच्या मोहल्ल्यात रोजे असले की दिवसा आकडा पडतो, पण संध्याकाळी इफ्तारला कसा वर जातो. खजूर, दूध, मटण, सगळं दिसतं. तुमच्यात उपवासाला साबुदाणा असतो, दाण्याची आमटी असते. सहा महिन्यांपासनं नव्या पट्ट्या शेंगदाणा दाखवतात ना? तिथं दिसतंय का बघा की."

शेंगदाण्याची खूण शोधायला प्रणवला चार मिनिटं लागली. त्याने आधी शेजारची ब्राह्मणपुरी काढली. तिथे एकादशीला युरिया खाली जायचा आणि शेंगदाण्याची रेघ छताला लागायची. असा असतो उपवास. मग त्याने चेंबर एकशे सातचे गुरुवार काढले. शेंगदाणा शून्य. दूध चहापुरतं. केळं, बटाटा, काही नाही. मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने बायका आणि पुरुष वेगळे करून मागितले. पुरुषांची रेघ आठवडाभर साधारण सारखी होती. पोरांचा असा वेगळा भेद पट्टीला येत नसे, पण दूध आणि डाळ अगदीच तुटलेली नव्हती. बायकांची रेघ मात्र त्या चार दिवशी तळाला जाऊन बसायची, आणि दुपारनंतर कीटोन चढत जायचे. पहाटेपर्यंत चढतच असायचे.

दस्तगीरने पडद्याकडे बघितलं नाही. त्याने डबा उचलला.

"आमच्यात रोजा वर्षातनं एक महिना असतो म्हणून बरंय साहेब. बाकीच्या महिन्यात उपाशी राहायला आमच्या बायकांना दुसरं कायतरी शोधावं लागतं. पोट दुखतंय म्हणतात."

गुरुवारी भर दुपारी प्रणव चौथ्या गल्लीत गेला. आधी न कळवता जाण्याची पद्धत त्याने कधीच सोडून दिली होती, त्यामुळे अक्का दारात त्याला बघून दचकली. मग लगबगीने तिने पाट मांडला. दाजी जेवून पुन्हा शेडवर गेले होते, मुक्ता दुकानात कामाला गेली होती. ताटात दोन भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. प्रणव नको म्हणत होता, पण अक्कापुढे नको म्हणून कुणाचं काही चाललं नव्हतं.

"आणि तुझं ताट?"

"आज गुरुवार."

"फराळाचं काय केलंयस?"

"कडक असतोय माझा. चहा चालतो."

प्रणवने भाकरीचा तुकडा मोडला होता, तो तसाच हातात राहिला. समोरच्या फळीवर डबे होते. त्याने उठून एक एक डबा उघडला. अक्का नुसती बघत बसली. साबुदाणा नव्हता, वरई नव्हती, शेंगदाण्याचा डबा होता आणि त्यात मेणबत्त्या होत्या. भाकरीच्या टोपल्यात आता काहीच नव्हतं.

"अक्का, या दोन भाकरी कुणाच्या होत्या?"

"रात्रीच्या. मुक्ताच्या नि ह्यांच्या. मी टाकते की परत, पीठ हाय." पिठाच्या डब्याकडे तिने पाहिलं नाही.

"सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार. तू एकटी का सगळ्या?"

अक्काने पदराने पाटाच्या कडेची नसलेली धूळ पुसली.

"उपाशी राहायला देव लागतोच की रे," ती म्हणाली. "पोरीला काय सांगायचं, मी ताट का घेत न्हाई म्हणून? नवऱ्याला काय सांगायचं? मग त्येबी जेवत न्हाईत. गुरुवार म्हटलं की कुणी कायबी विचारत न्हाई. उलट चांगलं म्हणतात. पैल्यांदा वाण्याच्या मागच्या सुलोचनानं धरला, मग आम्ही सगळ्यांनी. एकमेकींना कुणी विचारलं न्हाई. म्हायती असतंय."

"आणि मी ते उपवास म्हणून वजा करत बसलो. मला कळायला नको होतं?"

"तुला कुठनं कळणार?" अक्काच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "आईचे सोमवार तुला खरे वाटायचे व्हय? तू दहावीला गेलास तवा धरले तिनं, आणि तू नोकरीला लागलास तवा सुटले. देव काय तुझ्या पगाराची वाट बघत हुता?"

आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. उपवासांची यादी करताना सोमवार प्रणवने सगळ्यात आधी लिहिला होता, कॅलेंडर न बघता, कारण तो त्याला घरातूनच पाठ होता.

"उद्या मी हे दुरुस्त करतो," तो शेवटी म्हणाला. "गल्ली लाल होईल. केंद्र मिळेल तुम्हाला."

तेव्हा अक्का पहिल्यांदा घाबरली.

"लाल नको करू."

"अक्का, लाल झाल्याशिवाय केंद्र..."

"मग केंद्रबी नको. रविवारी ती माणसं येणार हायत. पडद्यावर गल्ली लाल दिसली तर ती जिना चढायची न्हाईत. दोन म्हयने थांब. मुक्ताचं होऊ दे, मग काय रंगवायचं ते रंगव. दोन म्हयने आम्ही काढतो."

"आणि बाकीच्या बायका?"

"त्यांच्याबी पोरी हायत." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "सगळ्या गावाला कळंल की रे, आमचा उपवास खोटा हुता म्हणून. तेवढं एक झाकण हाय आमच्याकडं."

प्रणव भाकरी न खाता उठला. अक्काने ताट झाकून ठेवलं. रात्री त्यातलं कोण खाणार हे दोघांनाही माहीत होतं.

शुक्रवारी सकाळी तो नऊलाच ऑफिसात आला. त्याला दोन गोष्टी करता येत होत्या. नियम सगळ्या शहरातून काढून टाकायचा, किंवा चेंबर एकशे सात तेवढं दोन महिने तसंच ठेवायचं. दुसऱ्या गोष्टीला एक कळ पुरली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. सहा वर्षं लोक त्याच्याकडे जे मागत आले, तेच अक्काने मागितलं होतं. फरक एवढाच की ती उपाशी राहण्याची परवानगी मागत होती. चाळीस घरं, म्हणजे साधारण सत्तर बायका, दोन महिने, आठवड्याचे चार दिवस. त्याने हिशेब पुरा केला नाही. नियम काढून टाकला आणि फराळाची खूण असेल तरच उपवास धरायचा, अशी नवी ओळ लिहिली.

नकाशा पुन्हा रंगायला दीड मिनिट लागलं. विणकर पेठ लाल झाली हे अपेक्षित होतं. पण मग स्टेशनरोडच्या मागची वस्ती झाली, मग रामोशी गल्ली, मग ज्या वसाहतीत शाळामास्तर राहायचे तीही. सगळ्यात दस्तगीरचा मोहल्ला वेगळा होता; तिथे शुक्रवार सोडून सगळे वार सारखेच खाली होते. एकसष्ट गल्ल्या. प्रणव खुर्चीत मागे रेलला आणि त्याने डोळे मिटून घेतले. बाराचा अहवाल त्या दिवशी पहिल्यांदा उशिरा गेला.

मुख्याधिकारी निवेदिता खोब्रागडे तशा सरळ बाई होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, शेंगदाण्याची रेघ दोनदा बघितली, आणि चष्मा काढून कपाळ चोळलं.

"हुंडेकरी, चूक तुमची आहे हे तुम्ही लेखी देताय?"

"हो मॅडम."

"चार जिल्ह्यांनी तुमचा नियम उचललाय."

"त्यांनाही कळवलंय."

"बरं. आता मला सांगा, गल्ल्या एकसष्ट आणि केंद्रं बारा. उरलेली एकोणपन्नास मी घरून आणू?" त्यांचा आवाज चढला नाही, तो फक्त थकला. "पडद्यावर एकसष्ट लाल दिसल्या तर उद्या इथे दगड येतील आणि केंद्र एकही येणार नाही. लालची सीमा खाली सरकवा. बाराच लाल राहतील अशी."

"म्हणजे बाकीच्या?"

"शेंदरी. खोटं नाही ते. लाल कुठून सुरू करायचं हे आपणच ठरवलं होतं ना?"

ते खरं होतं. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी, चहा पिता पिता, ती सीमा प्रणवनेच आखली होती. त्याने सीमा सरकवली. एकोणपन्नास गल्ल्या त्याच्या डोळ्यांदेखत लालमधून शेंदरीत गेल्या, आणि तिथल्या एकाही बाईच्या पोटात त्यामुळे घास गेला नाही. विणकर पेठेची चौथी गल्ली नववी आली. बहीण तिथे राहते म्हणून त्याने आकडा तीनदा तपासला. ती नववीच होती.

रविवारी मुक्ताला बघायला कुणी आलं नाही. मुलाच्या काकांचा फोन आला, मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही म्हणाले. दोन महिन्यांपूर्वी त्याच काकांनी गल्ली हिरवी आहे हं, असं हसत हसत सांगितलं होतं. मुक्ताने मामाचा नंबर बंद केला. अक्काचा फोन आला, तेवढा एकच.

"झालं समाधान?" एवढंच तिने विचारलं आणि ठेवून दिला.

भोजन केंद्र अठरा दिवसांनी सुरू झालं. गल्लीच्या तोंडाशी बंद पडलेली मागाची शेड होती, तिथे चार चुली, लांब चटया, स्टीलची ताटं. दिवस चांगला म्हणून नगराध्यक्षांनी गुरुवार काढला. वरण, भात, पालकाची भाजी, अर्धं अंडं. पोरं आली, म्हातारे आले, राखणीवरून दाजीही येऊन खाली मान घालून जेवून गेले. बायका आल्या नाहीत. आपापल्या दारात उभ्या राहून त्या शेडकडे बघत होत्या. गुरुवार होता. दोन वर्षं ज्या बाईने घरात, शेजारात, पोरांसमोर गुरुवार पाळला ती चारचौघांत बसून वरणभात कसा खाणार? पडद्यावर गल्ली लाल झाली म्हणून गल्लीतल्या एकाही बाईने दुसरीपाशी काही कबूल केलं नव्हतं.

सत्तर जणींचा भात उरला. संध्याकाळी तो शिळा झाला आणि गाडीत भरून गेला. दस्तगीर शेडच्या पायरीवर बसला होता.

"साहेब, तुम्ही त्यांचा उपवास मोडायला निघालाय," तो म्हणाला. "तो कशाला मोडायचा? आमच्यात कुणाला रोजा सोडायला बोलावलं तर समोर खजूर ठेवतात. तो रोजा खरा का खोटा, असं विचारत न्हाईत."

प्रणव रात्रभर त्यावर विचार करत बसला असं काही झालं नाही. त्याला पायरीवरच कळलं, आणि इतकं उशिरा कळल्याचा राग आला. साबुदाणा आदल्या दिवशी भिजवावा लागतो, शिवाय केंद्राचा आहार सरकारी तक्त्याने ठरलेला, त्यात बदलाला सही लागायची. शुक्रवारी तो कागद घेऊन खोब्रागडे बाईंकडे गेला. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार, नेहमीच्या जेवणासोबत उपवासाचंही शिजवावं. बाईंनी कागद वाचला.

"दाण्याचं कूट किती धरलंय?"

"माणशी पन्नास ग्रॅम."

"सत्तर करा," असं म्हणून त्यांनी सही केली.

सोमवारी शेडच्या दाराशी खडूने लिहिलेली पाटी लागली. आज उपवासाची साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वरईचा भात, केळं, दूध. प्रणव अकराला आला तेव्हा वाढायला माणूस कमी होता. त्याने बाह्या वर केल्या आणि खिचडीच्या पातेल्यामागे उभा राहिला. साडेबारापर्यंत पोरंच आली. मग वाण्याच्या मागची सुलोचना आली. पाटी तिने दोनदा वाचली, चप्पल काढली आणि अगदी मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "उपवासाचं हाय न्हवं? कांदा बिंदा न्हाई न्हवं ह्यात?"

"नाही," प्रणव म्हणाला. "चोख उपवासाचं आहे."

ती बसली. मग दोघी आल्या, मग पाच जणी, मग चटई भरली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. खालच्या मानेने, भराभर, बोटं न थांबवता त्या जेवत होत्या. सहा वर्षं प्रणव शहराची भूक मोजत होता, पण भुकेला माणूस जेवताना तो पहिल्यांदाच बघत होता. त्याला तिथे उभं राहवेना आणि जाताही येईना.

अक्का सगळ्यात शेवटी आली. त्याच्याकडे न बघता चटईच्या टोकाला बसली आणि ताट समोर ओढलं. तो पातेलं घेऊन तिच्यापुढे वाकला. त्याने एक डाव वाढला. ती खाऊ लागली. तिचे हात इतके वाळले आहेत हे त्याने आधी कधी पाहिलं नव्हतं. ताट रिकामं झालं तरी तो तसाच उभा होता.

"मुक्ताचं मोडलंस तू," अक्का ताटाकडे बघतच म्हणाली. "ते मी इसरणार न्हाई."

"नको विसरू."

"बघत काय उभारलास मग? वाढ."

त्याने वाढलं. ते तिने संपवलं आणि ताट पुन्हा पुढे केलं. त्याने पुन्हा वाढलं. आजवर त्याने हात आडवा धरेपर्यंत तीच त्याच्या ताटात वाढत आली होती. आता तो डाव भरत राहिला, आणि अक्का पुरे म्हणाली नाही.